दार विचाराधीन आहे

सदर घराच्या न्हाणीघराला दार नाही, ही वस्तुस्थिती मी सुरुवातीलाच मान्य करतो. दार होते. घर घेतले तेव्हा ते जागेवर होते, उघडत होते, बंद होत होते आणि आतून त्याला कडीही लागत होती. एखाद्या दाराकडून याहून जास्त अपेक्षा करणे योग्य नाही. पण ओलीने त्याची खालची कड फुगली होती, ते फरशीला घासून कुरकुरत होते, आणि म्हणून आम्ही सुताराला बोलावले. आमच्या बाजूने झालेली चूक एवढीच.

मी परवाना खात्यातून निवृत्त झालेला माणूस. 'विचाराधीन' हा शिक्का खात्यात सर्वांत जास्त झिजला तो माझ्या टेबलावर. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको शहरातल्या फ्लॅटमध्ये समोरासमोर बसून होतो. फ्लॅटच्या दाराला दोन कड्या, एक साखळी, एक लॅच आणि बाहेर बघायचे भिंग होते. बायको ते भिंग दर आठवड्याला पुसायची, पण त्यातून बघावे असे कुणी कधी आले नाही. एक दिवस ती भिंग पुसता पुसता म्हणाली, "अहो, आपल्याला काही झालं ना, तर पेपर साठलेले बघून कळेल लोकांना."

त्यानंतर आम्ही हे घर घेतले. गावाच्या कडेला, दगडी, दोन मजली, मागे विहीर, पुढे व्हरांडा, माडीवर जायला लाकडी जिना. घर माझ्या नावावर घेतले, कारण सह्या करायची सवय मला होती. बायकोची अट एकच होती. "माणसं येती-जाती असू देत," ती म्हणाली, "बाकी घर कसंही चालेल."

हे वाक्य तिने जपून वापरायला हवे होते.

सुतार पहिल्याच दिवशी आला. त्याने दाराला टकटक करून पाहिले, कान लावून ऐकले, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसे मला बाजूला घेतले. "उतरवावं लागेल," तो म्हणाला. दार उतरवून त्याने ते दिवाणखान्याच्या मधोमध सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले. रंधा काढण्यासाठी पिशवीत हात घातला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काम निघालं वाटतं!"

गावाचे निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत, आणि आपण अजून निवृत्त झालेलो नाही असा सरांचा प्रामाणिक समज होता. त्यांच्यामागून औषधांच्या दुकानाचे मालक आले, चौकातल्या शिंपीणबाई आल्या, आणि शेवटी शेजारच्या घरातल्या काकू आल्या. बायकोला तर आनंदाचे भरते आले. तिने चहा टाकला. आमचे सामान अजून खोक्यांत होते, जेवणाचे टेबल हमालांनी माडीवर नेऊन ठेवले होते, म्हणून तिने चहाचा ट्रे समोर होता त्या दारावर ठेवला.

सुताराने रंधा पिशवीत परत ठेवला आणि कप उचलला.

"तुम्ही नवीन आहात म्हणून पद्धत सांगून ठेवतो," सर म्हणाले. "गावात जुन्या घराचं काम निघालं की संध्याकाळी सगळ्यांनी काम बघायला यायचं. आलेल्यानं एक सूचना करायची. रोज एकच. दोन केल्या तर आगाऊपणा, एकही नाही केली तर तुटकपणा."

"छानच की," मी म्हणालो. "आणि एखादी सूचना आम्हाला नाही पटली तर?"

शिंपीणबाई कपात बघू लागल्या.

"पटायचा संबंध कुठे येतो?" सर म्हणाले. "सूचना नाकारायची नसते. त्याच बाबीवर पुढची सूचना आली की मागची आपोआप रद्द होते. कुणाचा अपमान नाही, काही नाही."

"आणि आमची सूचना?" बायकोने विचारले.

"वहिनी, घरमालकाला स्वतःच्या घराबद्दल सूचना करता येत नाही. हितसंबंध गुंतलेले असतात ना!"

"म्हणजे आमच्या घरात आम्ही सोडून सगळे बोलणार?"

"तुम्हीही बोला की! बोलायला कोण नको म्हणतंय? फक्त ते धरलं जाणार नाही."

खरे सांगतो, माझा ऊर भरून आला. इतकी परिपक्व नियमावली आमच्या खात्यातही नव्हती. बायकोने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी बिस्किटांचा पुडा फोडायला आत गेलो.

निघताना काकू न्हाणीघराच्या दाराशी, म्हणजे दार जिथे असायला हवे तिथे, थांबल्या. त्यांचे घर आमच्या भिंतीला लागूनच होते. कौले नवी, रंग ताजा, खिडक्यांच्या काचा लखलखीत. "तुमचं घर किती सुरेख आहे हो," बायको म्हणाली. काकूंनी पदराने नाक पुसले.

"पूर्ण झालं हो ते," त्या म्हणाल्या. "सगळं पूर्ण झालं. काही म्हणता काही राहिलं नाही."

मरणाच्या बातमीसारखे त्या हे का सांगताहेत, ते आम्हाला तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला, पण दारावर आदल्या संध्याकाळचे कप होते. ते उचलेपर्यंत सर आले. सर आले म्हटल्यावर चहा आला, आणि चहा आला म्हटल्यावर दार टेबल झाले. आठवडाभरात या व्यवस्थेला आपोआप मान्यता मिळाली. पुढे मी नम्रपणे विचारले की दार आता बसवावे का, तेव्हा सरांनी बाब रीतसर चर्चेला घेतली.

"दार बसवायला हवं यात दुमत नाही," सर म्हणाले. "फक्त सभा चालू असताना मधलं टेबल काढून नेणं बरं दिसत नाही. सभा संपू दे."

"सभा कधी संपेल?"

"काम संपल्यावर. अजून तर दारसुद्धा बसलेलं नाही."

मला त्यात तर्कदृष्ट्या कुठेही फट सापडली नाही. बायकोला सापडली. "मग आपलं जेवणाचं टेबल खाली आणा आणि हे सोडवा," ती म्हणाली. सूचना घरमालकाच्या घरातली असल्यामुळे धरली गेली नाही, पण शिंपीणबाईंनी मोठ्या मनाने ती स्वतःच्या नावावर मांडली. दुर्दैवाने त्याच संध्याकाळी, त्यांच्या आधी, औषधवाल्यांनी जिना उलट दिशेने फिरवण्याची सूचना केली होती, कारण जिन्यावरून उतरणाऱ्याचे तोंड भिंतीकडे येणे पचनाला बरे नसते. सुताराने क्रमाक्रमाने काम घेतले. आधी जिना फिरवला. फिरवलेल्या जिन्याचे वळण इतके अरुंद निघाले की टेबल उतरेना. माडीवर टेबल, खाली दार, आणि मध्ये पचनाला उत्तम असा जिना, अशी परिस्थिती झाली.

"नवं टेबल करून देतो की," सुतार म्हणाला. आमच्या आशा पालवल्या. "फक्त माझ्या घोड्या मोकळ्या करून द्या. घोड्यांशिवाय लाकूड कापायचं कशावर?"

घोड्या दाराखाली होत्या.

आता या मुदतीत न्हाणीघराचे काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्यावर पडदा हा उपाय सुचला होता. शिंपीणबाईंनी कापडही आणले होते, पण फुलाफुलांचे की पट्ट्यापट्ट्यांचे यावर सभा दुभंगली, आणि तात्पुरती सोय म्हणून सरांनी गाण्याचा तोडगा काढला. आत असलेल्याने गात राहायचे. गाणे ऐकू आले की न्हाणीघर व्यापलेले, गाणे थांबले की मोकळे. खर्च नाही, बिजागऱ्या नाहीत, देखभाल नाही.

न्हाणीघर दिवाणखान्याला लागूनच. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने गायलो. बाहेरून सरांचा आवाज आला, "वरचा सूर लागत नाही! पोटातून काढा!" दुसऱ्या दिवशी तोंडाला साबण लावताना दोन क्षण गप्प झालो, तेवढ्यात औषधवाले हात धुवायला आत आले. मला पाहून त्यांनी नमस्कार केला, मीही केला. डोळ्यांत साबण गेला होता म्हणून नमस्कार नळाला झाला, पण भावना पोचल्या. पुढे गाणी संपली म्हणून मी पाढे म्हणू लागलो. एकोणिसाच्या पाढ्याला अडखळलो की बाहेरून सगळी सभा सुरात सांगायची. इतक्या सामुदायिक वातावरणात मी आयुष्यात कधी आंघोळ केली नव्हती.

बायको गात नसे. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, आणि ओठ हलवून इथे भागण्यासारखे नव्हते. ती पहाटे अंधारात आंघोळ उरकू लागली. तर सर पहाटे फिरायला निघत, आणि उजेड नसलेल्या घरात काम कसे दिसते ते बघायला डोकावत.

त्या दिवशी तिने बॅग भरली.

"मी ताईकडे जाते," ती म्हणाली. "न्हाणीघराला दार लागलं की कळवा."

"अगं, प्रक्रिया चालू आहे..."

"मला प्रक्रिया नको. मला कडी हवी आहे. आतून लागणारी. माणसाला दिवसातून दहा मिनिटं तरी असं वाटलं पाहिजे की आता कुणी येणार नाही."

"पण तूच तर म्हणाली होतीस, माणसं येती-जाती..."

"येती म्हणाले होते, जातीही म्हणाले होते! इथे नुसती येताहेत!" तिने बॅगेची चेन ओढली. "हे बघा, मी रागावून जात नाहीये. पण दार लागेपर्यंत मी परत येणार नाही, आणि तुम्ही ते लावलंच नाहीत तर मी समजायचं ते समजेन."

बॅग घेऊन ती व्हरांड्यातून उतरली. मी ठरवले, आज संध्याकाळी स्पष्ट बोलायचे. संध्याकाळी सभेला मी स्पष्ट बोललो. सभेने दोन मिनिटे मौन पाळले, बायकोबद्दल सहानुभूतीचा ठराव तोंडी संमत केला आणि मग उत्तरेकडच्या खिडकीचा विषय घेतला.

ती रोज दुपारी फोन करी.

"लागलं?"

"विचाराधीन आहे."

फोन बंद.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना माझी मान खाली जाते. मला मजा येत होती. परवाना खात्यात माणसे माझ्याकडे यायची ती कपाळाला आठ्या घालून. इथे हसत यायची. उत्तरेची खिडकी मोठी झाली, मग लहान झाली, मग पूर्वेला गेली, आणि अखेर जिथे होती तिथे परत आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर प्रत्येकाने सुचवलेल्या रंगाचा एकेक चौकोन लावला गेला. औषधवाल्यांची बायको पाहुण्यांना घेऊन यायची आणि अभिमानाने दाखवायची, "तो आमच्या ह्यांचा पिवळा." शिंपीणबाईंनी गावातल्या जमलेल्या आणि मोडलेल्या लग्नांची अशी अद्ययावत माहिती पुरवली की मला परक्यांच्या मुलींची काळजी वाटू लागली. मला सर्दी झाली तेव्हा काढे आले, मफलर आला, आणि सर्दीबद्दलच्या सूचनाही आल्या, ज्या एकमेकींना रद्द करत गेल्या आणि सर्दी आपोआप बरी झाली. मी कुणाचा तरी शेजारी झालो होतो. आणि रात्री सगळे गेल्यावर, त्या आडव्या दारावरचे कप गोळा करताना, मला दाराची कडी दिसायची. मग बायकोची आठवण यायची आणि मजेला चव राहायची नाही.

कडीत सरांनी आपली छत्री अडकवायला सुरुवात केली होती.

बायको एका संध्याकाळी न कळवता आली. सभा ऐन रंगात होती. सगळ्यांच्या त्या दिवशीच्या सूचना होऊन गेल्या होत्या; शेवटची सुताराची होती, की चहात आले जरा जास्त असावे. बॅग हातात घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली. तिने भिंतीवरचे रंगाचे चौकोन पाहिले. कुठेच न जाणाऱ्या जिन्याकडे पाहिले, म्हणजे तो जात होता, पण आता माडीच्या कपाटात जात होता. मग तिने दाराकडे पाहिले. त्यावर कप, बशा, बिस्किटे, एक छत्री आणि औषधवाल्यांचे कोपर.

"या वहिनी, या!" सर उठून म्हणाले. "तुमचाच विषय काढणार होतो. बसा, चहा घ्या."

ती बसली. चहा घेतला. मला वाटले आता भडका उडणार. पण ती शांतपणे म्हणाली, "सर, मला पद्धत जरा पुन्हा सांगाल? मी मध्ये नव्हते. सूचना नाकारता येत नाही, बरोबर?"

"मुळीच नाही."

"रद्द फक्त पुढच्या सूचनेनं होते."

"बरोबर."

"आणि एका माणसाची दिवसाला एकच."

"एकच. नाहीतर आगाऊपणा."

"आज सगळ्यांच्या झाल्या?"

सरांनी सभेकडे पाहिले. सभेने माना डोलावल्या. औषधवाले जरा अस्वस्थ झाले, त्यांना बहुधा पुढचे दिसले असावे.

"मग माझी राहिली," बायको म्हणाली. "माझी सूचना अशी आहे की हे दार आत्ताच्या आत्ता न्हाणीघराला लावावं."

"वहिनी," सर हळुवारपणे म्हणाले, "घरमालकाला स्वतःच्या..."

"घर ह्यांच्या नावावर आहे. आणि मी ताईकडे राहते. मी इथे काम बघायला आलेय."

विहिरीतले बेडूक तेवढे बोलत राहिले. सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव पाहिला, जो स्वतःच केलेल्या नियमात सापडलेल्या वरिष्ठांच्या चेहऱ्यावर मी नोकरीत अनेकदा पाहिला होता. मग त्यांनी दाराच्या कडीतून छत्री काढली.

"सूचना नियमात आहे," ते म्हणाले.

प्रत्येकाने आपापला कप उचलला. सुताराने दार उभे केले, रंधा काढला, खालची कड चार हातांत साफ केली, बिजागऱ्या बसवल्या. काम अर्ध्या तासाचे होते. ते अर्ध्या तासाचे आहे हे इतके दिवस सगळ्यांना माहीत होते, आणि आता ते डोळ्यांसमोर होत असताना कुणी कुणाकडे बघत नव्हते. बायको टॉवेल घेऊन आत गेली. दार लागले. कडी लागली. त्या कडीचा आवाज इतका स्वच्छ आला की तो ऐकायला ती इतक्या लांबून आली हे मला एकदम पटले.

आतून पाण्याचा आवाज आला. गाण्याचा आला नाही.

सर कप हातात धरून उभे होते. कप ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी तो खिडकीत ठेवला, म्हणाले, "बराय मग, काम छान झालं," आणि निघाले. त्यांच्यामागे बाकीचे निघाले. काकू सर्वांत शेवटी उठल्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमचंही पूर्ण झालं हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे आधण जास्त ठेवले. कुणी आले नाही. काम नसलेल्या घरी काम बघायला येणे म्हणजे लोचटपणा, आणि गाव मानी होते. चौकात सर भेटले तेव्हा त्यांनी आदराने नमस्कार केला आणि पुढे गेले. शिंपीणबाईंच्या दुकानात गेलो तर त्यांनी काय शिवायचे आहे ते विचारले.

बायको मात्र खूश होती. पहिले काही दिवस ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असे आत जाऊन कडी लावून बसे. बाहेर आली की तिचा चेहरा उजळलेला असे. "काय शांत वाटतं हो!" ती म्हणे. पुढे ती एकदाच जाऊ लागली. मग लवकर बाहेर येऊ लागली. कडी लावावी की न लावावी, कुणीच नसल्यामुळे फरक पडत नव्हता. एका संध्याकाळी आम्ही दिवाणखान्यात समोरासमोर बसलो होतो. टेबल नव्हते, म्हणून कप हातात होते.

"आज कुणी आलं नाही," ती म्हणाली.

"काम नाही ना."

"त्या शिंपीणबाईंच्या भाचीचं पुढे काय झालं? ती दोन मुलगे बघून आली होती ती."

"कुणास ठाऊक. दार लागलं त्याच दिवशी ते कळणार होतं."

मग उठून तिने व्हरांड्याच्या दाराची काच पदराने पुसली. मी तिला भिंग पुसताना इतकी वर्षे पाहिले होते. मला एकदम भीती वाटली. आम्ही ज्या फ्लॅटमधून पळून आलो होतो, तो आमच्यामागून चालत येऊन या घरात शिरला होता.

"अहो," ती काचेकडे बघतच म्हणाली, "हा माडीचा जिना कपाटात जातो. त्याचं काहीतरी करायला हवं, नाही?"

"आपल्याला सूचना करता येत नाही," मी म्हणालो. "हितसंबंध आहेत."

तेवढ्यात शेजारून खळ्ळकन आवाज आला.

आम्ही धावलो. काकूंच्या दर्शनी खिडकीची काच फुटली होती. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. "आपोआप फुटली हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात हातोडी होती. तीही आपोआप हातात आली असावी. काकूंचे गाल तरुण मुलीसारखे लाल झाले होते.

गावाला आवाज पोचायला वेळ लागला नाही. सर आले, औषधवाले आले, शिंपीणबाई आल्या. सुतार तर इतक्या लवकर आला की तो वाटेतच असावा. "चौकट बदलावी लागेल," त्याने निदान केले. "पण चौकट कापायला जागा लागेल." त्याने इकडेतिकडे पाहिले आणि त्याची नजर काकूंच्या न्हाणीघराच्या दारावर पडली. दार उत्तम होते. त्याला काहीही झालेले नव्हते. "हे जरा घासतंय," सुतार म्हणाला.

काही वेळातच आम्ही सगळे त्या दाराभोवती बसलो होतो. काकूंनी चहा आणला. ट्रे दारावर ठेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. शिंपीणबाईंनी भाचीची हकीकत जिथे तुटली होती तिथून पुढे सुरू केली, आणि माझी बायको, जी दहा मिनिटांच्या कडीसाठी घर सोडून गेली होती, ती खुर्ची ओढून पुढे सरकली. भाचीने तिसराच मुलगा पसंत केला होता.

"वहिनी," सर म्हणाले, "आज पहिली सूचना तुमची."

बायकोने कप दारावर ठेवला. बोटाने दाराची कडी एकदा सरकवून पाहिली. मग दार नसलेल्या न्हाणीघराकडे पाहिले, काकूंकडे पाहिले, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "माझी सूचना अशी आहे की कशाचीही घाई करू नये."

ती सूचना अजून रद्द झालेली नाही. आंघोळीला बायको आमच्या घरी येते आणि कडी लावते. काकूही तिथेच येतात. गाव म्हणजे एकाच्या घरी दार आणि दुसऱ्याच्या घरी टेबल अशी सोय, हे आम्हाला जरा उशिरा कळले.

आता तुमच्याविषयी. ही माणसे वेडी आहेत, असे तुमचे मत झाले असेल. पण पहिल्या पानापासून तुम्ही आमच्या न्हाणीघरात डोकावता आहात. जोडीला पुटपुटताही आहात, की अहो, एखादी फळी टाका, विटा रचा, चादर टांगा, जिना तोडून टेबल उतरवा. एवढ्या सूचना आमच्या सरांनीही एका दमात कधी केल्या नाहीत. त्यामुळे सभेने तुम्हाला सदस्य करून घेतले आहे. या, काकूंकडे काम चालू आहे.

तुम्ही येणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या घराचे काम पूर्ण झालेले आहे. हे वाचताना दार लावलेले असेल, वरची कडी, खालची कडी, साखळी. तुमची बेल शेवटची कधी वाजली, ते आठवून बघा. आणि पार्सल घेऊन येणारा माणूस सोडून सांगा.